उरल्यातला उरलासुरला हिवाळा

रायपूरजवळच्या या कारखान्यांच्या गावात जगातली लढाई वर्तमानपत्रातून कळण्याआधी कोळशाच्या भावातून कळते. तरीही माघ सरताना इथल्या गच्चीवर सांडगे वाळत असतात आणि गल्लीत फागाच्या नगाड्याची तयारी सुरू झालेली असते.

सालेकसा-दरेकसाचे जंगल मागे पडले की नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीतून मराठी पाट्या दिसेनाशा होतात. डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ येते, तेव्हा प्रवासी बसल्या जागेवरून हात जोडतात. मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाईची धुराडी आणि सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास संपवून रायपूर. इथे उतरणारी मराठी माणसे बहुधा नातेवाइकांकडे जातात, फार तर राजीम किंवा सिरपूर पाहून येतात. शहराच्या वायव्येला, भनपुरी आणि बीरगावच्या अंगाला लागून असलेल्या उरल्याकडे मात्र पर्यटक म्हणून कोणी फिरकत नाही.

नाव ऐकून मराठी माणसाला हटकून विचारावेसे वाटते, 'उरला? म्हणजे काय उरला?' हा प्रश्न गमतीचा असला तरी अगदीच अस्थानी नाही. सरोरा, अछोली, रावाभाठा ही इथली जुनी गावे. धानाची शेते, तळी आणि मातीची घरे असलेल्या या परिसरात आज लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, गोदामे आणि ट्रकच्या रांगा आहेत. मधूनच एखादे तळे, एखादे पिंपळाचे झाड आणि त्याखालचा देवीचा ओटा एवढे जुन्यातले उरले आहे.

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले आणि पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून इथला कारभार पाहिला. विदर्भातला पोळा इथे 'पोरा' म्हणून साजरा होतो. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढून हिंदी पत्रकारितेत नाव मिळवणारे आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. १९२६ मध्ये त्यांचे निधन रायपुरातच झाले. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आजही गजबजलेले असते. भोसल्यांच्या काळी बाहेरचे जग इथे घोड्यावरून आले. आता ते मालगाडीने येते.

शेतात भट्ट्या कशा आल्या

या भागाचे लोखंडाशी नाते जुळले ते भिलाईमुळे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाई उरल्यापासून फार दूर नाही. तिथे लोखंड ओतणारे, वळवणारे, जोडणारे हात तयार झाले आणि त्या हातांच्या भोवती लहानसहान कारखाने वाढले.

उरल्याची औद्योगिक वसाहत आकाराला आली १९८०च्या दशकात, जेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. १९९१ च्या उदारीकरणात पोलाद उद्योगावरचे परवान्याचे बंधन गेले. १९९२ च्या जानेवारीत पोलादाच्या किमतीवरचे सरकारी नियंत्रण उठले. पूर्वी देशभर कुठेही पोलाद नेले तरी भाड्याचा बोजा सारखाच वाटला जाई, तीही पद्धत बंद झाली. खाणीच्या जवळ कारखाना असण्याचा फायदा आता मालकाच्या पदरात पडू लागला. बस्तरचे लोहखनिज आणि कोरब्याचा कोळसा दोन्ही रायपूरच्या आवाक्यात. मग काय विचारता! उरला भरले आणि पुढे बिलासपूर रस्त्यावरच्या सिलतऱ्यात नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाले, तेव्हा बांधकामाला लागणाऱ्या सळयांचे गिऱ्हाईकही दाराशी आले. मजुरांच्या वस्तीने फुगलेले शेजारचे बीरगाव आज स्वतंत्र महानगरपालिका आहे.

शाल आणि पंखा

फेब्रुवारीच्या मध्यावर उरल्यात सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. पहाटे धुके आणि धूर यांतला फरक कळत नाही. पाळी बदलायची वेळ झाली की रस्त्यावर सायकली आणि मोटारसायकलींची एकच गर्दी होते. कामावर निघालेल्यांच्या कपड्यांना साबणाचा वास असतो आणि परतणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या झालेल्या असतात. चहाच्या टपरीवर दोघांची गाठ पडते. 'जय जोहार' झाले की पुढचा प्रश्न ठरलेला: 'तुमच्याकडे किती भट्ट्या चालू?' गावाकडे पाऊसपाण्याची चौकशी करावी तशी इथे भट्ट्यांची करतात.

घरात बायकांची वेगळीच लगबग चालू असते. कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून केलेली 'रखिया बडी' म्हणजे आपले कोहळ्याचे सांडगे. ते हिवाळ्याच्या उन्हात वाळवून वर्षभराची बेगमी करायची असते. ऊन तापण्याआधी हे काम उरकले पाहिजे. उरल्यात त्याला आणखी एक अट आहे. गच्चीवर ताट ठेवले की तासाभरात त्यावर काळी भुकटी बसते. म्हणून सांडग्यांवर मलमलचे कापड किंवा जुनी साडी ताणून बांधतात. ज्यांचे गाव जवळ आहे त्या सासरी-माहेरी सांडगे घालून आणतात.

बाजारात या दिवसांत 'तिवऱ्या'ची कोवळी भाजी येते. भंडारा-गोंदियाकडे जिला लाखोरी म्हणतात तीच ही. धान कापणीला यायच्या आधी, शेतात ओल असतानाच हे बी धानाच्या उभ्या पिकात फेकतात. पाणी नको, नांगरणी नको. या पद्धतीला विदर्भासारखेच इथेही 'उतेरा' म्हणतात. हरभऱ्याचा पाला, वालाच्या शेंगा, शेवगा, बोरे यांनी आठवडी बाजार हिरवागार दिसतो. लोखंडाच्या गावातली ही भाजी आसपासच्या शेतांतून येते, तेव्हा लक्षात येते की कारखान्याच्या भिंतीपलीकडे धानाचा छत्तीसगड अजून आहे.

थांबवता न येणारी भट्टी

उरल्या-सिलतऱ्यात तयार होणाऱ्या ज्या मालावर हजारो घरे चालतात त्याचे नाव स्पंज आयर्न. लांबच लांब, किंचित उतरती आणि सावकाश फिरणारी नळी अशी त्याची भट्टी असते. तिच्यात लोहखनिज आणि कोळसा एका तोंडाने घालतात. आतली उष्णता असते सुमारे १००० अंश सेल्सिअस. या उष्णतेत खनिज वितळत नाही. त्यातला प्राणवायू तेवढा कोळसा ओढून घेतो आणि मागे राहते ते स्पंजसारखे छिद्रे असलेले लोखंड. पुढे विजेच्या भट्टीत ते भंगाराबरोबर वितळवतात, त्याचे ठोकळे ओततात आणि रोलिंग मिलमध्ये तापवून, दाबून त्यांच्या सळया, अँगल, चॅनेल काढतात. घराच्या स्लॅबमध्ये जी सळई दिसते तिचा जन्म असा होतो. कोळशावर चालणाऱ्या अशा भट्ट्यांमुळे २००३ पासून भारत जगात सर्वांत जास्त स्पंज आयर्न करणारा देश आहे.

या भट्टीचा स्वभाव घरातल्या चुलीसारखा नाही. ती वाटेल तेव्हा विझवता येत नाही. एकदम थंड केली तर आतल्या विटांना तडे जातात, आणि पुन्हा तापवून कामाला लावायला काही दिवस जातात. म्हणून दिवाळी असो, होळी असो, भट्टी फिरत राहते आणि तिच्याबरोबर पाळ्याही. भट्टी बंद पडली तर ते साधे कारण नाही, एवढे इथल्या शाळकरी मुलालाही समजते.

एक टन स्पंज आयर्नला दीड टनाहून अधिक खनिज लागते आणि जवळपास तेवढ्याच तोलामोलाचा विचार कोळशाचा करावा लागतो. कोरब्याच्या कोळशात राख फार. म्हणून अनेक कारखाने दक्षिण आफ्रिकेचा कमी राखेचा कोळसा त्यात मिसळतात. रिचर्ड्स बे या बंदरातून निघालेली जहाजे विशाखापट्टणमच्या बाजूला लागतात आणि तिथून मालगाड्यांनी कोळसा रायपूरकडे येतो. हिंदी महासागरापलीकडच्या त्या बंदराचे नाव पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या माणसाला ठाऊक नसेल. उरल्यातल्या कोळसा-दलालाकडचा कारकून ते रोज उच्चारतो.

काळजीचे हिवाळे

योगायोग असा की जगातली मोठी संकटे उरल्याच्या दारात पुष्कळदा हिवाळ्याच्या शेवटीच आली.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. त्याआधी काही महिने पोलादाचे भाव आभाळाला भिडले होते. ते धाडकन कोसळले. महाग घेतलेला कोळसा आणि खनिज आवारात पडून, तयार मालाला गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत तो हिवाळा गेला. न्यूयॉर्कच्या बँकेत ज्यांचा एक पैसा नव्हता त्यांची रोजंदारी त्या बँकेमुळे बुडाली.

२०२० ची धुळवड १० मार्चला होती. चीनमधल्या आजाराच्या बातम्या टपरीवर चघळल्या जात होत्या, पण रंग खेळला गेला. त्याच महिन्यात रायपुरात पहिला रुग्ण सापडला आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. निरंतर चालणाऱ्या उद्योगांना काही सवलत होती, तरी माल नेणारे ट्रक आणि सळई घेणारी बांधकामे थांबली होती. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला मजूर खोलीत अडकला. मे महिन्यात रायपूरच्या टाटीबंध चौकात वेगळेच दृश्य दिसले. महाराष्ट्रातून नागपूरमार्गे पायी, ट्रकवर, मिळेल त्या वाहनाने निघालेली माणसे तिथे पोचत होती आणि रायपूरकर त्यांना जेवण, पाणी, चपला देत होते. पुणे-मुंबईच्या इमारतींत बसणाऱ्या सळया आणि त्या इमारती बांधणारे हात एकाच रस्त्यावर भेटले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. छत्तीसगडमधली काही मुलेही तिथे डॉक्टरकी शिकायला गेली होती. 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांची वाट पाहत त्यांच्या घरचे लोक रात्र रात्र जागत होते. उरल्याला त्या लढाईची झळ दुसऱ्या वाटेने लागली. रशियाचा कोळसा मिळेनासा होणार या धास्तीने युरोपचे खरेदीदार दक्षिण आफ्रिकेकडे वळले आणि तिथल्या कोळशाचा भाव मार्चमध्ये टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. सुरुवातीला पोलादही महागले, त्यामुळे निभावले. मग देशात महागाई आवरण्यासाठी केंद्र सरकारने मे महिन्यात पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के आणि लोहखनिजाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, ४५ टक्के निर्यात शुल्क बसवले. पोलादाचे भाव उतरले आणि कोळसा मात्र चढाच राहिला. १९ नोव्हेंबरला शुल्क मागे घेतले जाईपर्यंत सहा महिने गेले. त्याच काळात सूर्यफुलाचे तेल महागले, कारण भारतात येणारे बरेचसे तेल युक्रेनचे होते. दिल्लीत घरगुती गॅसचा सिलिंडर मे महिन्यात हजार रुपयांवर गेला. म्हणजे एका लढाईने भट्टीही महाग केली आणि फोडणीही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के कर लावला, जूनमध्ये तो ५० टक्के केला. उरल्याच्या सळया थेट अमेरिकेला जात नाहीत. तरी एका बाजारात अडलेले पोलाद दुसरा बाजार शोधते आणि भाव सगळीकडचे पाडते, ही धास्ती इथेही होतीच.

सगळाच दोष दूरच्या जगाचा, असेही नाही. जुलै २०२४ मध्ये वीजदर वाढले म्हणून छत्तीसगडच्या अनेक लहान पोलाद कारखान्यांनी उत्पादन थांबवले होते. ते कारण घरचेच होते. मजुराच्या दृष्टीने मात्र फरक एवढाच की एका वेळी बोट समुद्राकडे दाखवतात आणि दुसऱ्या वेळी राजधानीकडे. हजेरी दोन्ही वेळा बुडते.

घर कशावर तरते

मग ही घरे तरतात कशी? पहिला आधार तांदळाचा. छत्तीसगडने डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याआधी, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. रेशनच्या दुकानात धान्य मिळते, याची इथल्या माणसाला खात्री वाटते. २०२० च्या बंदीत या खात्रीने मोठे काम केले. रेशनकार्ड गावाकडे राहिलेल्या परप्रांतीय मजुराची मात्र तेव्हा फार ओढाताण झाली.

दुसरा आधार शेताचा. आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या पुष्कळांच्या घरी थोडे धान पिकते. सरकारी धानखरेदी बहुधा जानेवारीअखेर आटोपते. २०२३ च्या खरिपापासून छत्तीसगडने एकरी २१ क्विंटलपर्यंत, क्विंटलला ३१०० रुपये असा भाव दिला. हमीभावाच्या वरचा फरक हंगाम संपल्यावर खात्यात जमा होतो. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी शेतकऱ्याच्या घरी चार पैसे येतात, लग्ने ठरतात, पत्रे बदलली जातात, मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते. भट्टीची काळजी असली तरी घरात धान आहे, हा दिलासा लहान नाही.

तिसरा आधार वाण्याच्या वहीचा. पगार लांबला तर वही लांबते. वाणी कुरकुरतो, पण गिऱ्हाईक तोडत नाही. कारण वस्ती उठली तर त्याचेही दुकान उठणार. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला या वहीइतका भरवसा दुसऱ्या कागदाचा वाटत नाही. ज्याचे ना शेत ना इथले रेशनकार्ड, त्याला ही वहीच काय ती असते.

हवेचा हिशेब

भट्टी चालू म्हणजे चूल चालू, हे खरे. पण भट्टी चालू म्हणजे धूरही चालू. हिवाळ्यात तो जास्त जाचतो. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर कोमट हवेचे झाकण बसते आणि धूर वर जाऊ शकत नाही. पहाटे अंगण झाडले की सुपात काळी भुकटी जमते. पांढरे कपडे आत दोरीवर वाळवावे लागतात. म्हातारी माणसे आणि लहान मुले खोकतात.

धूर गाळण्यासाठी ईएसपी नावाची यंत्रे कारखान्यांना बसवावी लागतात. ती विजेवर चालतात आणि वीज खातात. वीज वाचवण्यासाठी काही ठिकाणी ती रात्री बंद ठेवली जातात, ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाच्या तपासण्या, नोटिसा, दंड यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. इथे गोष्ट अवघड होते. कोळसा महागला, भाव पडला की आधी खर्च कुठे वाचवायचा, हा प्रश्न येतो आणि यंत्राच्या विजेवर नजर जाते. जगातल्या संकटाचा शेवटचा हप्ता उरल्यातल्या फुप्फुसांनी फेडायचा की काय, अशी वेळ येते. हे टाळणे दक्षिण आफ्रिकेच्या किंवा युक्रेनच्या हातात नाही. ते रायपूरच्याच हातात आहे. भट्टी बंद करा असे वस्तीतले लोक म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे साधे आहे: भट्टी चालवा आणि यंत्रही चालवा. रोजगार आणि श्वास यांतले एक निवडा, असे कुठल्या आईला सांगता येईल?

जत्रा, फाग आणि पाळ्यांची अदलाबदल

माघ पौर्णिमेला राजीमचा मेळा भरतो. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर महाशिवरात्रीपर्यंत वाळूत गाव वसते. त्याच सुमारास सिमग्याजवळच्या दामाखेड्याला कबीरपंथीयांचा मेळा असतो. फाल्गुनात गुरू घासीदासांच्या गिरौदपुरीला सतनामी समाजाची मोठी यात्रा भरते. महाशिवरात्रीला रायपूरच्या महादेव घाटावर खारून नदीच्या काठी हाटकेश्वराला रांगा लागतात. ज्यांना लांब जाणे जमत नाही ते पाळी संपवून तिथे तरी जाऊन येतात.

भट्टी थांबत नाही, मग जत्रेला जायचे कसे? त्यावर वस्तीने आपला तोडगा काढला आहे. दामाखेडा, गिरौदपुरीच्या दिवसांत इथल्या माणसाची पाळी बिहारचा किंवा ओडिशाचा शेजारी करतो. होळीला बिहारचा गडी गावी निघाला की त्याची पाळी इथला माणूस ओढतो. वही नाही, करार नाही, तोंडी हिशेब असतो. जाताना तो कोहळ्याच्या सांडग्यांची पुडी नेतो, येताना ठेकुआ घेऊन येतो.

फाल्गुन लागला की रायपूरच्या रस्त्यांवर कातड्याने मढवलेले नगाडे विकायला येतात. मुले त्यांच्या जोड्या वाजवून पाहतात, भाव पाडतात. उरल्याच्या कुंपणांबाहेर उरलेसुरले पळस पेटल्यासारखे फुलतात आणि शाली घडी होऊन ट्रंकेत जातात. टपरीवर वर्तमानपत्राचे पान हातोहात फिरते. कुठे लढाई, कुठे कर, कुठे तेलाचा भाव. कोणी तरी मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. मग एक जण विचारतो, 'तुमच्याकडे किती चालू?' उत्तर येते, 'दोन्ही.' ग्लास खाली ठेवले जातात आणि दुपारची पाळी कामावर निघते.